सातवा खण

सावई-वेऱ्याच्या उत्सवात तिसऱ्या रात्री
आमच्या मंडळाचं नाटक असतं.
मी राजा. एरवी वीज खात्यात लाइनमन,
पायात गमबूट, कमरेला पक्कड.

आधी विंगेत बाबलोमाम बसायचे वही घेऊन,
टॉर्चला तांबडा कपडा बांधून.
तपकीर ओढली की उजेड हलायचा
आणि पुढच्या रांगेतली पोरं ओरडायची,
'मामा, राजाक वाक्य दी!'

ते वास्कोला मुलाकडे राहायला गेले
तेव्हा सुफला सतरकर म्हणाली, मी बसते.
कुणी काही बोललं नाही. सगळे चहा ढवळत राहिले.
तिनं पिशवीतून यंत्र काढलं:
पोथीएवढं, गळ्यात अडकवायला पट्टा,
वर सहा बटणं, मधोमध लांब पट्टी,
खाली अठरा खणांची एक ओळ.
खणाखणातून ठिपके वर येतात, बसतात,
भिजत घातलेल्या मुगाला मोड यावेत
आणि लगेच परत आत जावेत, तसे.

'पडदा खंय गो हाचो?' शमानं विचारलं.
'पडदा तुमच्याकडे,' सुफला म्हणाली.

अख्खं नाटक तिनं स्वतः उतरवलं.
मास्तर वाचत, ती बटणं दाबी,
पंधरा दिवस, सुपारी वाळत घातलेल्या अंगणात.

यंत्राला एकच खोड.
सातव्या खणातला तिसरा ठिपका मेलेला.
तिनं माझी बोटं धरून हिशेब सांगितला:
तो नसला की म चा च होतो, न चा द,
ल चा ब, र चा ह.
'मोर असला तर मला चोर सापडतो,
मग मनातल्या मनात सोडून देते त्याला.'

तिसऱ्या अंकात वीज गेली.
जनरेटरात डिझेल घालायला सगळेच विसरलेले.
मांडवातून हाका, 'सगुण, फ्यूज पळय रे!'
आणि मी मुकुट घालून उभा.
हात सवयीनं कमरेला गेला,
तिथं पक्कड नव्हती, लाकडी तलवार.
वाक्य हरवलेलं. खरं सांगायचं तर
विजेच्या आधीच हरवलं होतं.

विंगेत कसलाच उजेड नाही.
तिथून नुसतं कट्, ओळ पुढे सरकल्याचं,
आणि कुजबुज, 'राणी, हात...'

'राणी, रात अजून सरली नाही'
असं होतं ते. मागाहून मोजलं आम्ही:
र, काना, ण, वेलांटी, स्वल्पविराम, मोकळी जागा,
आणि सातव्यात नेमका र.
घाईत तिनंही दुरुस्त केला नाही.

मी म्हणालो, 'राणी, हात... अजून सोडलेला नाही मी.'
आणि पुढे केला, कुठे ते दिसत नव्हतं.
बांगड्या वाजल्या.
अंगणवाडीतल्या शमाचा हात, खडूनं खरखरीत,
आधी तलवारीवर आपटला, मग सापडला.
कुणीतरी मोबाइलचा दिवा लावला,
त्याला मागच्यांनी विझवायला लावला.

मास्तर आठवडाभर बोलले नाहीत आमच्याशी.
यंत्र पुण्याला गेलं, तीन आठवड्यांनी आलं.
अर्धं बिल मंडळानं भरलं, उरलेलं अजून उधार.

काल तालमीला मी तिच्या शेजारी बसलो.
म्हटलं, दाखव ती ओळ.
तिनं माझं बोट सातव्या खणावर ठेवलं.
तारा ओढून घट्टे पडलेलं बोट,
मला नुसती वाळू लागली.
'तिसरा ठिपका वर आलाय?'
'नाही.'
'म्हणजे पैसे फुकट?'
'चालतो तो आता,' ती म्हणाली.
'पण इथं मी ह लिहिलाय.'
मग, बोट काढ, म्हणाली,
आणि पुढची ओळ घेतली.