मऊ शिसं

नळीवर आकडा कोरलेला आहे.
लतीफमामू त्यावर बोट ठेवून म्हणतात,
"हा कारखान्याचा आकडा.
बंदुकीचा अजून विचारलाच नाय आपण."

जुना जालना. बाराला वीज जाते.
परतूरचे सोनटक्के, निवृत्त वनरक्षक,
स्टुलावर परवाना मांडीवर धरून बसलेत,
पोराचं प्रगतिपुस्तक असल्यासारखा.
शिकार नाही, काही नाही,
दर रविवारी क्लबात
कागदावरच्या काळ्या वर्तुळाशी त्यांचं भांडण.
विकतची गोळी पेन्शनला परवडत नाही,
म्हणून घरी ओतायची;
आणि ओतायच्या आधी नळी मापायची, माझ्याकडून,
कारण मामूंचा मोतीबिंदू पिकलाय,
मायक्रोमीटरच्या रेघा त्यांना
मुंग्यांसारख्या हलताना दिसतात.

मी पिशवी उघडते.
बाबांच्या छापखान्यातले खिळे.
लग्नपत्रिका, दशक्रिया, सोसायटीचे अहवाल
छापून छापून काळे पडलेले.
मामू एक उचलून नखानं ओरखडतात.
ओरखडा उठत नाही.
"अँटिमनी हाय यात. गोळीला चालंल.
मापायला नक्को.
कडक माल नळीचं ऐकत नाय,
आपलंच सांगत बसतो."

मग मोती तलावावरच्या भोयांच्या जाळ्याचं शिसं,
दाताखाली वाकेल असं.
त्याचा गोळा, नळीपेक्षा केसभर जाड.
आत तेल. पितळी गज. लाकडी मोगरी.
पहिल्या ठोक्याला तोंडाशी एक कडी सुटते,
बाळाच्या अंगठीएवढी.
मग हळू. फार हळू.
मध्यावर गज आपोआप दोन बोटं सरकतो
आणि मामू मान न वळवता म्हणतात,
"गंजानं खाल्लंय तिथं."

गोणपाटावर ते पडतं. आवाजसुद्धा होत नाही.
अंगावर पाच कंगोरे, किंचित वळलेले.
मी माप घेते. पुन्हा घेते. दर वेळी वेगळं.
"पाच हायेत ना," मामू हसतात,
"चार-सहा असते तर समोरासमोर आले असते.
पाचात कुणाच्याच समोर कुणी नसतं."

आम्ही भावंडं पाच.
प्रेस विकायच्या दिवशी सतरंजीवर गोल बसलो होतो
आणि जिच्याकडे बघायला मान वर करावी
तिथे दोघांच्या मधली मोकळी भिंत.

व्ही-ब्लॉकवर टेकवून, वहीत हिशेब मांडून
एकदाचा आकडा येतो.
कोरलेल्यापेक्षा दोन थाऊ जास्त.
"झिजली?" सोनटक्के घाबरतात.
"झिजली नाय. जन्मापासूनच अशी."

मी ते शिसं अंगठ्याखाली फिरवते.
नळीत जिथे चर, तिथे हे उंच;
नळीत जिथे उंच, तिथे हे खोल.
बाबा वीज गेल्यावर असाच
उलटा 'क्ष' अंगठ्यानं वाचायचे
आणि बिनचूक कप्प्यात टाकायचे.

खिळे तोलून देते. साडेतीन किलो.
जोडाक्षरांची एक पुडी मागे ठेवते,
का, ते मलाही विचारू नका.
आयुष्यभर कागदावर दाबून बसले ते,
आता रविवारी कागदातून आरपार
पलीकडच्या मातीच्या बांधात जातील.

"तिथून वेचून आणता येतं की शिसं," मामू म्हणतात.
"येतं," सोनटक्के पिशवीची गाठ बांधतात,
"दिवाळीनंतर, बांध वाळला की."