काच पुसणाऱ्याचं मत

ग्रोनिंगेनमध्ये लोक पडदे लावत नाहीत.
का, ते मला विचारू नका; मी फक्त काचा पुसतो,
सत्तावीस वर्षं, मंगळवार ते शनिवार,
कालव्यापलीकडच्या तीन गल्ल्या
आणि बंदरावरचं एक जुनं कोठार.

शिडीवरून दिसतं तसं घर
घरवाल्यांना कधी दिसतच नाही.
मी फेस ओढून घेतो
आणि वरून खाली उलगडत येते खोली:
आधी छत, मग दिवा, मग दिव्याखालचं टेबल,
अगदी शेवटी
गालिच्यावर पडलेला एकुलता एक मोजा.

चौदा नंबरच्या दंतवैद्य बाईंनी
अख्खी भिंत शेवाळी रंगवून घेतली
आणि तिच्यापुढे ठेवली एकच खुर्ची, हळदीच्या रंगाची.
बसत कुणीच नाही तिच्यावर,
मांजरसुद्धा वळसा घालून जातं.
पण ती उचलली
तर भिंतीचं बोलणं अर्ध्यात तुटेल,
एवढं मला नक्की कळतं.

कोठारात आता वास्तुरचनाकार बसतात.
तुळया तशाच ठेवल्यात, पोती ओढायच्या आकड्यांसकट,
मधोमध बर्चच्या फळ्यांचं लांबच लांब टेबल,
आणि दिवे इतके खाली सोडलेले
की ज्याच्या त्याच्या हाताला ज्याचा त्याचा उजेड.
सगळं राखी, सगळं मोतिया, सगळं जागच्या जागी.
फक्त हिशेब बघणाऱ्या हिस्केच्या कोपऱ्यात
चिनीमातीचा एक बोकड, शेंदरी, एका शिंगाचा.
तीन आठवडे कुणीतरी तो उचलून कपाटामागे ठेवायचं,
चौथ्या दिवशी तो परत हजर.
गेल्या महिन्यात बघतो तर
त्याच्यासाठी भिंतीत कोनाडा केलाय,
वर छोटासा दिवासुद्धा.
कोण हरलं, मला माहीत नाही.
मी ती काच जरा जास्त वेळ पुसतो.

आणि एकवीस नंबरचे ओक्को टेरवेल.
बायको गेल्यापासून दर मंगळवारी सामान हलवतात:
कपाट दाराशी, कपाट खिडकीशी,
पलंगाचं तोंड कधी चर्चकडे, कधी कालव्याकडे.
परवा भिंतीला चित्र टेकवून
माझ्याकडे तोंड करून उभे राहिले, भुवया वर.
आवाज काचेतून जात नाही,
म्हणून फेसावर बोटाने लिहिलं: वर.
उलट्या अक्षरांत लिहावं लागतं,
त्यांना वाचायला वेळ लागला.
मग लिहिलं: डावीकडे.
आता डावीकडे म्हणजे कुणाच्या?
ते त्यांच्या डावीकडे सरकले, मी हात हलवला,
ते अजून सरकले, फेस ओघळून अक्षरं गेली,
आणि चित्र शेवटी जिथे थांबलं
ती जागा आम्हा दोघांच्या मनातही नव्हती.

उघड्या समुद्राचं चित्र, एकही होडी नाही,
खांद्याच्या उंचीवर, भिंतीच्या अगदी कडेला,
जणू उरलेली भिंत त्याचाच किनारा.
त्यांनी दातांतला खिळा काढून ठोकला.
पुढच्या मंगळवारी काहीही हललं नव्हतं.
त्याच्याही पुढच्या मंगळवारी नाही.

माझ्या घरी?
माझ्या घरी पडदे आहेत.
रूलफीनने लावलेत, जाड, कॉफीच्या गाळासारखे.
म्हणते, दिवसभर लोकांची घरं बघतोस,
आपलं नको कुणी बघायला.
सायकलच्या दुकानावरच्या दोन खोल्या,
घरमालकाचा पांढरा रंग, तिच्या आईचं टेबल.
त्यात बघण्यासारखं आहे तरी काय, म्हणतो मी.
ती म्हणते, तेच तर.

रविवारी ती आंघोळीला गेल्यावर
स्टुलावर चढून दिव्याची तार सोडली,
वीतभरच.
टेबलाचा एक डाग उजळला, बाकी खोली मागे सरली.
ती आली, पेपर उघडला,
काही बोलली नाही.
दोन पानं उलटली
आणि खुर्ची पुढे ओढून घेतली, उजेडात.

पडद्यांचं मी अजून काढलेलं नाही.