खांब नंबर एकोणीस

मानशीजवळच्या खांबावरचा बल्ब
चतुर्थीपासून सहाव्यांदा फुटला.
लायनमन म्हणाला, बाय, आता शिडी इथंच ठेवून जातो.
हसला. मीही हसले.
दोन उंडे बांधून घेतले त्याने
आणि काळोख पडायच्या आत शिवोली तिठ्याला लागला.
आमच्या खालच्या वाड्यावर आता
सगळेच काळोख पडायच्या आत कुठंतरी पोचतात.

एस्पेरांसा टीचरने कागद आणला.
ग्रामसभेत द्यायचा, एक प्रत पोलिसांना.
फुलस्केप, पट्टीने आखलेले तीन रकाने:
नाव, सही, तक्रार.
माझ्या गाड्यावर ठेवला,
कारण गाड्यावर सगळे येतात
आणि माझं पेन दोरीला बांधलेलं आहे.

लोक लिहितात.
रात्री दोनला मोटरसायकली, सायलेन्सर काढलेल्या.
खुरसाजवळ काचा.
विहिरीवरचा पंप नेला.
तुळशीपुढची समई नेली, वातीसकट.
पोरगी ट्यूशनहून येते तेव्हा बांधावरून शिट्ट्या.
बाबुसोला लिहिता येत नाही, तो सांगतो, मी लिहिते:
कुर्ल्या धरायला उतरलो, चिखलात सुई होती,
पायात गेली नाही ही सायबाची कृपा.
कृपेपर्यंत सगळं लिहिते.

कुणीतरी लिहिलंय: बाहेरची माणसं.
त्याच्या खाली दुसऱ्याने: बाहेरची माणसं.
तिसऱ्याने नुसत्या वरच्यासारखं म्हणून दोन रेघा.

पण टीचर, सुटे पैसे मोजणारे हात
मला ओळखू येतात.
पूर्वी फॉईलचा एक रोल महिनाभर पुरायचा,
तोही फेस्ताला, केक झाकायला.
आता आठवड्याला नऊ.
म्हापशाचा होलसेलवाला फोनवर विचारतो,
कॅटरिंग सुरू केलंस काय गो?

साईश येतो. म्हणतो, वयनी, डबा बांधायचाय.
कुणाचा डबा, मी कधी विचारलं नाही.
त्याचा बाप गोकुळदास या मानशीचा राखणदार होता,
तिथीवरून भरतीची वेळ सांगायचा.
तो गेल्यावर नवीन माणूस नेमला,
तो कोलवाळहून येतो
आणि रविवारी येत नाही.

अमावास्या त्या रविवारीच होती.
गाडा बंद करत होते मी.
दारात ओंडका अडकलेला, पाणी आत शेताकडे चाललेलं,
आणि त्या फुटक्या बल्बाखाली
छातीभर पाण्यात कुणीतरी ओंडका ओढत होतं
शिव्या देत, कुणाला कोण जाणे.
वर बांधावर तिघे बसून खिदळत होते.
ओंडका सुटला. दार लागलं.
साईश वर आला, माझ्यासमोर उभा राहिला,
माझ्याकडे बघितलं
आणि मला ओळखलं नाही.

सकाळी शेतात कुणालाच काही दिसलं नाही.
न आलेल्या खाऱ्या पाण्याला रकाना नाही.

टीचर म्हणते, नावं घाला,
नावांशिवाय पोलीस हलत नाहीत.
सदतिसावी ओळ माझी होती.
नाव लिहिलं. सही केली. तक्रारीत लिहिलं:
फॉईल, आठवड्याला नऊ रोल, माझ्या गाड्यावरून.

टीचरने वाचलं, चष्मा पुसून परत वाचलं.
हे असं नको गो, म्हणाली, रबर दे.
पेनचं आहे, म्हटलं, जाणार नाही.
ती कागद तसाच घेऊन गेली.
सदतिसावी ओळ सभेत वाचणार की गाळणार
मला ठाऊक नाही.

सात वाजता तो आला.
वयनी, डबा बांधायचाय.
मी परसातलं केळीचं पान कापून ठेवलं होतं,
पुसून, देठ काढून.
ते पुढे केलं.

पानाकडे बघत तो उभा राहिला.
मागे मोटरसायकल चालूच होती,
वरचा हॉर्न देत होता,
देत होता.