गडग्यातला दगड

दोन्ही कंपन्यांचे तेवीसच किलो,
पण पहिली म्हणते बॅगा दोन,
दुसरी म्हणते एक, वरच्या बॅगेचे साठ युरो.
पहिलीचं विमान मात्र लिस्बनवरून.
बॉस्टन पश्चिमेला, म्हणून आधी पूर्वेला जायचं,
सात तास खुर्चीत पाय सुजवायचे
आणि मग आपल्याच बेटांवरून परत उडायचं.
"खाली आपलं घर दिसेल का गं?" देओलिंदा आत्या विचारते.
ढग असतील, मी म्हणते.
"मग कशाला?"

तरी मी वहीत उभी रेघ मारून दोन रकाने केलेत.
जेवण: इकडे गरम, तिकडे विकत.
चाकाची खुर्ची: दोघांकडे फुकट, दोन दिवस आधी कळवावं.
बोलणं: इकडे पोर्तुगीज, तिकडे हसून इंग्रजी.
बॅग हरवली तर इकडे घरपोच देतात म्हणे,
तिकडे शेजारच्या रोझालिनाची बॅग
तिच्याआधी टोरांटो बघून आली.
मांडीवरचं बाळ, दोन वर्षांच्या आतलं: दहा टक्के भाडं,
आणि त्याचे स्वतःचे दहा किलो.
"बाळाला दहा किलो कशाला लागतात?"
मी पान उलटते.

सॉसेज न्यायचं नाही, तिकडे काढून घेतात.
चीजचं चाक सहा किलो.
विणलेलं पांघरूण फार तर दोन.
हे सगळं कुठल्याही रकान्यात बसलं असतं,
पण रविवारी न्यू बेडफर्डहून एदुईनो काकाचा फोन आला.
खोकला, मग गप्प, मग म्हणाला,
दगड आण. बाबांच्या मळ्याच्या गडग्यातला.
"अमेरिकेतले संपले का?" आत्या हसली,
आणि फोन ठेवल्यावर सरळ वर मळ्यात गेली.

काळा, भोकाभोकांचा,
एका अंगाला अजून शेवाळ.
जिथून काढला तिथून आता वारा शिरतो
आणि तेवढीच एक वेल हलते.
धक्क्यावर सेराफीमच्या मासळीच्या काट्यावर ठेवला:
अकरा किलो चारशे.
सेराफीम म्हणाला, फोडून देतो, अर्धा ने.
आत्यानं त्याच्याकडे असं पाहिलं
की त्यानं काट्याचे पैसेही मागितले नाहीत.
येताना वाटेत एकदाच बोलली,
"सव्वा वर्षाचा होता तेव्हा एवढाच भरायचा.
आई वेलींत राबायची, हा माझ्या कडेवर."
सोळाव्या वर्षी त्याला बोटीवर चढवलं तेव्हा
आजीनं छातीवर दगड ठेवला होता.
तो पुढे कोणी उचलला, मला माहीत नाही.

आज सकाळी कंपनीला फोन लावला, पहिलीला.
बावीस मिनिटं गिटार ऐकली.
मग एक गोड मुलगी: सामान कसलं आहे?
वाद्य? खेळाचं साहित्य? पाळीव प्राणी?
दगड, मी म्हटलं.
पलीकडे कळफलक थांबला.
किती दगड?
एक.
थांबा हं, विचारून सांगते.
पुन्हा गिटार.
हो, चालेल, बाई, वजनात बसला तर चालेल.
आणि, माफ करा, हे विचारावंच लागतं,
वस्तू नाजूक आहे का?

मी फोनवर हात ठेवून आत्याला विचारलं.
ती शेवाळावर पाणी शिंपडत होती,
चमच्यानं, थोडं थोडं.
बराच वेळ काही बोलली नाही.
"हो म्हण," म्हणाली.