ओमेनाची चार नावं

वीज गेली की जनरेटर सुरू व्हायला
सहा मिनिटं लागतात आमच्या ग्रंथालयात.
त्या सहा मिनिटांच्या अंधारात अकेयो म्हणाली,
'मॅडम, आमचा मासा तुमच्या यंत्राला माहीतच नाही.'

तिने विचारलं होतं :
दुंगाच्या किनाऱ्यावर ओमेना सुकवणाऱ्या बायका
कशा जगतात?
अख्खं वाक्य. प्रश्नचिन्हासकट.
पडदा उजळला तेव्हा उत्तर तिथेच होतं :
शून्य नोंदी.

म्हटलं, याला वाक्य कळत नाही, पोरी.
याला नावं कळतात,
आणि नावांचं तर तुला ठाऊक आहे :
पाळण्यातलं एक, हाक मारायचं दुसरं,
शाळेच्या दाखल्यावर तिसरंच.

ओमेना, आपल्या किसुमूत.
सरोवरापल्याड टांझानियात, डागा.
युगांडात, मुकेने.
आणि ज्यांनी त्याला बाटलीत बुडवून मोजलं
त्यांच्या वहीत, रास्ट्रिनिओबोला अर्जेंटिया.
बोटभर मासा, हातभर नाव.
ती हसली. मागे ताटकळलेला ओचोलाही हसला,
त्याला फक्त प्रिंटर हवा होता.

चारही नावांमध्ये मी 'किंवा' घातला.
इथलं व्याकरण उलटं आहे.
घरी चहा किंवा कॉफी म्हटलं तर एकच कप येतो,
इथे दोन्ही किटल्या येतात.
आणि 'आणि' म्हणालीस
तर निम्मी पंगत उठून जाते,
उरतात फक्त दोन्ही घरचे नातलग.

दोन हजार एकशे चाळीस.
खवल्यांची वाढ. जाळ्याच्या भोकाचं माप.
कोंबडीच्या खाद्यात किती टक्के.
एक ना धड.
'आणि बायका', तिने स्वतःच टाइप केलं.

सात.
पाचांत गरोदर बायका, मासा खाणाऱ्या.
दोनांत कोळ्यांच्या बायका,
शेवटच्या परिच्छेदात, नवऱ्यांच्या मागे उभ्या.

'माझी मावशी पहाटे चारला असते तिथे.
जाळी अंथरते, बगळे हाकलते,
ढग दिसला की सगळं गोळा करत धावते.
ती कुठे आहे यात?'

बावीस वर्षांत
हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता.

मला एवढंच येतं :
हाती लागलेल्या नोंदीच्या तळाशी जायचं.
तिथे बारीक अक्षरांत विषय लिहिलेले असतात,
कुणीतरी, कधीतरी,
दूरच्या एखाद्या थंड शहरात बसून ठरवलेले.
एकीच्या तळाशी होतं :
मासळी – पकडीनंतरचं नुकसान.

अकेयोने त्यावर टिचकी मारली
आणि त्या सगळ्या तिथे निघाल्या.
एकशे बारा नोंदी.
वाळूवर, फडक्यांवर, लाकडी मांडवांवर,
किती कुजलं, किती पक्ष्यांनी नेलं,
किती किलोला किती शिलिंग.
नाव कुणालाच नाही, 'प्रक्रिया करणाऱ्या व्यक्ती'.
नुकसानाच्या खणात
नीट घडी करून ठेवलेला एक अख्खा किनारा.

ती बराच वेळ गप्प.
मग वहीत तारीख घातली,
मी शिकवलं तसं एकाखाली एक लिहिलं :
काय टाकलं, किती आलं, काय सोडलं.
त्याखाली लुओत एक शब्द.
मी माचाकोसची, मला तो वाचता आला,
कळला नाही.
'अशा बायकांना आम्ही हे म्हणतो,' एवढंच बोलली.

माझ्या टेबलाच्या खालच्या खणात
एक फॉर्म आहे, कडा पिवळ्या पडलेला :
नवीन विषयशीर्षक सुचवा.
इतकी वर्षं त्यावर मी पेल्याखालचं पाणी टिपत आले.
ओला भाग टाळून तो तिच्यापुढे सरकवला.

तिने शब्द लिहिला. स्पेलिंग दोनदा तपासलं.
'कारण' या रकान्यात
दोनच ओळींची जागा होती.
ती पान उलटून मागे लिहू लागली.