इतर, असल्यास

जामनखेडीच्या शाळेत, तिसरीच्या वर्गात,
बुटक्या बाकांवर मोठी माणसं गुडघे दुमडून बसलीत.
फळ्यावर सतराचा पाढा अर्धा पुसलेला,
खाली खडूनं: जनसुनवाई, अकरा ते पाच.

साहेब समजावतात,
पंचायत, जनपद, जिल्हा, अशा तीन पायऱ्या होत्या,
आता थेट इंदूर महापालिका.
एक दार, एक खिडकी, एक शिक्का.
मागून कुणीतरी म्हणतं, आणि एकच रांग.
हशा होतो.
तो मी लिहीत नाही.

माझं काम लिहिणं.
लोक माळवीत बोलतात, साहेबांना हिंदीत हवं,
आणि मधल्या अर्ध्या क्षणात
सगळं माझ्या डोक्यातून मराठीत जातं,
जशी राजवाड्याला निघालेली रिक्षा
उगाच आपल्या गल्लीतून काढावी.

आपत्ती क्रमांक चार, देवकरण आंजना, सात म्हशी.
शहरात म्हशीला काय म्हणतात, साहेब?
पशुधन.
नाही, दंड म्हणतात. माझा मेव्हणा भरतोय.

मन्सूर पिंजारा मात्र बाजूनं.
गाडी येईल, कचरा नेईल, नळ येईल,
पोरीच्या पत्रिकेवर इंदूर छापता येईल.
शेवटचं वाक्य तो जरा हळू बोलला.
त्याची खूण मी नीट करते, चौकटीबाहेर जाऊ न देता.

संगीता सोलंकी, सरपंच, अजून एकोणीस दिवस,
उभी राहते, पदर सारखा करते, बसते.
पुन्हा उभी राहते.
तलावाचा अर्धा गाळ काढून झालाय,
उरलेला अर्धा कोणत्या खात्यात जाईल?
साहेब नकाशा उलगडतात, चष्मा वर करतात.
नकाशावर तलाव निळा नाही.
पिवळा आहे.
पिवळा म्हणजे निवासी.
वर्गात बराच वेळ पंख्याचाच आवाज.

चहाच्या सुट्टीत कलाबाई माझ्या बाकावर टेकते.
थारो गाम कंई, बाई?
वॉर्ड बहात्तर, मी म्हणते.
ती तोंडावर हात ठेवून हसते,
मी जणू दुकानाचा भाव सांगितला.
गाम पूछ्यो, नंबर नी.

आणि मला आठवतं विजेचं बिल.
पत्त्याच्या शेवटच्या ओळीत, पिनकोडाच्या आधी,
बारीक टायपात एक शब्द येतो.
बावीस वर्षं भरतेय ते बिल,
आज दुपारपर्यंत वाटायचं,
तो फीडरचा कोड असेल.

पाचला वीस कमी असताना गेंदालाल आला.
पंचायतीचा चौकीदार, खाकी स्वेटर, कोपरात वेगळ्या रंगाची लोकर.
आपत्ती? नाही.
दावा? नाही.
त्यानं टेबलावर किल्ल्यांचा जुडगा ठेवला.
ही भवनाची, ही कांजी हाऊसची,
ही कशाची ते आधीच्या चौकीदारालाही ठाऊक नव्हतं,
पण त्यानं दिली म्हणून मी ठेवली.
आता तुम्ही ठेवा.
पावती द्या.

हस्तांतरण अजून व्हायचंय, साहेब म्हणाले, आज फक्त मतं.
त्यानं मान डोलावली. जुडगा उचलला नाही.

फॉर्मवर रकाने होते
नाव, वडील किंवा पती, खसरा क्रमांक, पक्षात, विरोधात.
सगळ्यात खाली एक ओळ: इतर, असल्यास.
तिथे घाईत लिहिलं,
तीन किल्ल्या मिळाल्या.
सही केली, दुसरी प्रत फाडून त्याच्या हातात दिली,
तेव्हा कळलं, मी मराठीत लिहिलंय.

तो अक्षर अक्षर जुळवत होता.
मिळाल्या, तो म्हणाला. मिळाल्या ना?
हो.
मग त्यानं कागदाच्या चार घड्या करून
स्वेटरच्या आत, बनियनच्या खिशात ठेवल्या
आणि जाताना वर्गाचं दार
सवयीनं बाहेरून ओढून घेतलं.

आम्ही आत होतो, अजून पंधरा मिनिटं सुनवाई होती.