परंतुक

निरोप आला तेव्हा रात्रीचे नऊ,
चोइबाल्सानच्याही पुढच्या सरहद्दीच्या ठाण्यावर
बाहेर उणे एकतीस,
आणि मी, कंपनीचा लेखनिक,
शेगडीत गोवऱ्या सारत बसलेलो.
नारमंदाख दारात उभा, टोपी हातात.
मामा गेला, म्हणाला.
मग विचारलं, रजा कुठल्या पानावर आहे?

रजा कुठल्याच पानावर सरळ नसते.
फडताळातून सेवा-नियमावली काढली,
तीन खंड, दुसऱ्याची पाठ उसवलेली,
सातव्या प्रकरणाला कुणीतरी चहा पाजलेला.
अनुक्रमणिका म्हणते, रजा : पाहा, अनुपस्थिती.
अनुपस्थिती म्हणते : पाहा, शिक्षा.
शिक्षेच्या प्रकरणात आम्ही तासभर हिंडलो,
तिथं वाट विचारायलाही कुणी नव्हतं.

मग सापडलं. कलम एकसष्ट.
'निकटचे आप्त म्हणजे
आई, बाप, पत्नी, अपत्य, सख्खे भावंड.'
स्वल्पविरामांनी बांधलेलं कुंपण.
त्यानं एकेका शब्दावरून बोट फिरवलं,
वादळानंतर मेंढ्या मोजतात तसं,
शेवटाला येऊन पुन्हा पहिल्यापासून.
एक कमीच भरत होता.

'घोड्यावर मला त्यानंच बसवलं.
बाप तर फोटोतसुद्धा आठवत नाही.'
मी काय सांगणार? नियमावलीत घोडा
फक्त चाऱ्याच्या तक्त्यात येतो.

बाराच्या सुमारास पान उलटताना
मागच्या अंगाला बोटांना लागली एक चिठ्ठी,
खळीनं डकवलेली, अर्धी कुरतडलेली.
दुरुस्ती क्रमांक चार :
'परंतु, ज्याने सैनिकाचे पालनपोषण केले असेल, अशा'
पुढचं उंदराच्या पोटात.

परंतु.
अकरा वर्षांत हा शब्द मी
अर्ज फेटाळतानाच टंकला होता.

कॅप्टन बाझाररागचांना उठवलं.
त्यांनी चिठ्ठी दिव्याशी धरून वाचली,
उंदरांना एक सणसणीत शिवी हासडली,
आणि म्हणाले, 'पाच दिवस. प्रवासाचे दिवस वगळून.'

खरी रात्र इथून सुरू झाली.
कारण उव्स म्हणजे देशाचं पार दुसरं टोक,
जायला चार दिवस, घाट मोकळा असला तर.
वगळून म्हणजे प्रवास वेगळा धरायचा,
की प्रवास धरायचाच नाही?
एका अर्थानं तो घरी पोचतो.
दुसऱ्या अर्थानं वाटेतूनच परततो.
कॅप्टन माझ्याकडे बघत होते, मी छताकडे.
नारमंदाख खाली वाकून
बुटांच्या नाड्या बांधत होता,
व्याकरण येत नसल्यासारखा.

मी नोंदवहीत लिहिलं, तेरा दिवस.
कॅप्टननी सही केली. काही बोलले नाहीत.
पहाटेच्या ट्रकमध्ये तो पिठाच्या पोत्यांवर बसून गेला.

त्यातल्याच मूठभर पिठाची मग मी खळ केली,
चिठ्ठी पुन्हा नीट डकवली,
खाल्लेल्या जागी कोरा तुकडा जोडला.
'अशा'च्या पुढं पेन टेकवलं,
उचललं.
राहू दे.
पुढच्या कुणाची मावशी असेल,
शेजारी असेल,
तेवढी जागा असू दे.